जुना मायना आणि ई-मेलमधील मॅक्रो

१. जुनीं मराठी पत्रें वाचूं लागलेल्या नवशिक्याच्या लक्षांत एक गोष्ट लवकरच येते. पत्राचा निम्मा भाग सर्वत्र सारखाच असतो. आरंभीं ‘श्री’, मग ‘राजश्रियाविराजित राजमान्य राजश्री’, मग नांव, ‘गोसावी यांसी’, पुढें पाठविणाराचें नांव व नमस्कार, ‘विनंति उपरि येथील कुशल जाणून स्वकीय लिहीत असावें, विशेष’; आणि अखेरीस ‘बहुत काय लिहिणें, हे विनंति’. कामाचा मजकूर ह्या दोन कांठांच्या मधोमध चार-सहा ओळींचा. नवशिका हे कांठ गाळून वाचतो, आणि नकल करतांना ‘मायना नेहमींचा’ एवढा शेरा देऊन पुढें जातो. हा शेरा अनेकदां महाग पडतो, हें अनुभवी वाचकांस सांगावयास नको.

ह्या ठराविक मजकुराविषयीं पुन्हां लिहिण्याचें निमित्त मात्र आजचें आहे. संग्राहकांशीं आमचा होणारा पत्रव्यवहार आतां बहुतांशीं ई-मेलनें होतो. पोथी पोंचल्याची पोंच, कागद पाहावयास देण्याविषयीं विनंति, स्मरणपत्र आणि कागद परत करतांनाची यादी, असे त्या पत्रांचे चार प्रकार. आणि प्रत्येक प्रकारांत तोच मजकूर पुन्हां पुन्हां लिहावा लागतो. हें काम यंत्राकडून करवून घेण्याची युक्ति आम्हांस पुराभिलेखागारांत सांपडली नाहीं. ती पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या आमच्या कांहीं स्नेह्यांनीं शिकविली. तिला मॅक्रो म्हणतात. आमच्या संग्राहक मित्रांपैकीं अनेकांस तिचा उपयोग होईल असें वाटल्यावरून तिचें स्वरूप, रीत आणि तिच्यांतील धोका येथें क्रमानें सांगतों.

२. प्रथम जुनी पद्धति पाहूं. कारकुनानें कसें लिहावें ह्याचे नियम सांगणाऱ्या ग्रंथास मेस्तक म्हणत. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि ह्याजकडे परंपरा त्याचें कर्तृत्व देते. गुजराथेंतील ‘लेखपद्धति’ हा संस्कृत संग्रह बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ सालीं छापला गेला. त्यांत दानपत्रें, ऋणपत्रें, खाजगी पत्रें ह्यांचे तयार नमुने आहेत. शिवकालीं रघुनाथपंतांच्या ‘राज्यव्यवहारकोशां’तील दहा वर्गांपैकीं एक वर्ग लेखनाचा आहे. सारांश, ठराविक मजकूर जवळ तयार ठेवावा व प्रसंगानुसार त्यांत नांव-गांव भरावें, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे.

हिचें उत्तम उदाहरण इनामपत्रांत दिसतें. चिंचवडच्या श्रीमोरया गोसावी ह्यांच्या वंशाकडील देवस्थानासारख्या संस्थानांचीं इनामें एका राजवटींतून दुसरींत चालत आलीं. राजा किंवा अंमल बदलला कीं नवें पत्र करून घ्यावें लागे, आणि नव्या पत्रांत जुन्या पत्राचा पुष्कळसा मजकूर तसाच उतरे. ‘प्रतिवर्षीं नूतन पत्राचा आक्षेप न करणें’ आणि ‘या पत्राची प्रति लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतोन देणें’ हीं वाक्यें इनामपत्रें वाचणारास तोंडपाठ असतात. ह्यांतलें दुसरें वाक्य तर नकल करून ठेवण्याची आज्ञाच होय. चिंचवड, आकुर्डी, भोसरी, परगणे चाकण हीं नांवें ज्या दप्तरांत आढळतात, त्याच नांवांच्या गांवीं आज यंत्रांचे कारखाने आहेत, आणि तेथील कारकून ‘माल रवाना झाला’ हें पत्र दिवसांतून अनेक वेळां त्याच शब्दांत लिहितात. कामाचें रूप बदललें. कारकुनाचा त्रास तोच राहिला.

एक फरक मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जुना कारकून ठराविक मजकूर आंखडून लिही. ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ ह्याचें ‘सा. न. वि. वि.’ झालें, ‘तीर्थस्वरूप’चें ‘ती. स्व.’, आणि मौजे, परगणे, किल्ले ह्यांचीं आद्याक्षरें लिहून पुढें दोन उभ्या रेघा ओढल्या कीं काम भागे: मौ॥, प॥, कि॥. लिहिणारा आंखडी, वाचणारा मनांत उलगडी. मॅक्रोमध्यें दिशा उलटी असते. लिहिणारा आंखडून लिहितो, आणि उलगडतें यंत्र. वाचणारापुढें सगळा मजकूर सविस्तर जातो. त्यामुळें वाचणारास तो मजकूर खास आपल्यासाठींच लिहिला असें वाटतें. लाभ आणि धोका दोन्ही ह्याच गोष्टींत आहेत.

३. मॅक्रो म्हणजे अनेक आज्ञांस मिळून दिलेलें एक नांव. त्या नांवाचा उच्चार केला, म्हणजे एखादी कळ दाबली, कीं त्या सर्व आज्ञा क्रमानें पार पडतात. संगणकावरून संगणकावर पहिली ई-मेल रे टॉमलिन्सन ह्यांनीं १९७१ सालीं पाठविली. मजकूर कापून वा उतरून घेऊन दुसरीकडे डकविण्याची आजची रीत लॅरी टेस्लर व त्यांचे सहकारी ह्यांनीं झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत त्याच दशकांत बसविली. १९७६ सालीं निघालेल्या ईमॅक्स ह्या लेखनसाधनाचें नांवच मुळीं ‘संपादनाचे मॅक्रो’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडलेलें आहे. तेव्हां ही युक्ति ई-मेलच्या बरोबरीनेंच वाढली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हिच्या तीन पायऱ्या आहेत. आपणांस कोणती पुरेल हें आधीं ठरवावें.

पहिली पायरी तयार नमुन्याची. थंडरबर्डमध्यें पत्र लिहून तें ‘टेम्प्लेट’ म्हणून जतन करतां येतें. जीमेलमध्यें हीच सोय प्रथम सेटिंगमध्यें जाऊन चालू करावी लागते. पाहिजे तेव्हां नमुना उघडावा, नांव घालावें, पाठवावें. महिन्यास दहा-वीस पत्रें लिहिणाऱ्या संग्राहकास एवढें पुरे.

दुसरी पायरी संक्षेपाची. आऊटलुकच्या जुन्या बांधणींत एखादा परिच्छेद ‘क्विक पार्ट’ म्हणून नांव देऊन ठेवतां येतो. पत्रांत तें नांव लिहून एफ-३ ही कळ दाबली कीं त्या जागीं सबंध परिच्छेद उतरतो. ऑटोहॉटकी ह्या मोफत साधनानें हेंच काम कोणत्याही लेखनसाधनांत होतें. तेथें ठरविलेलीं अक्षरें लिहून मोकळी जागा सोडली कीं मजकूर उलगडतो. येथें एक सावधगिरी घ्यावी. संक्षेप असा निवडावा कीं जो दुसऱ्या कोणत्याही कामीं लिहिला जात नाहीं. आम्हीं आरंभीं ‘वि’ एवढाच संक्षेप ठेविला. तेव्हां एका पोथीच्या वर्णनांत ‘वि. सं.’ लिहूं जातां मध्येंच विनंतीचा सगळा परिच्छेद अवतरला. मोडींतलें एकच चिन्ह संदर्भानें निरनिराळें वाचावें हें माणसास कळतें. यंत्रास संदर्भ नसतो.

तिसरी पायरी खऱ्या मॅक्रोची. आऊटलुकच्या जुन्या बांधणींत आल्ट व एफ-११ ह्या कळा एकदम दाबल्या असतां आज्ञा लिहिण्याचें दालन उघडतें. तेथें मॅक्रोस सांगतां येतें कीं, उघड्या पत्रांतून घेणाराचें नांव वाच, ठरलेला मजकूर घाल, मजकुरांत जेथें खूण ठेविली आहे तेथें नांव भर, आणि थांब. ‘थांब’ ही शेवटची आज्ञा सर्वांत महत्त्वाची होय. पत्र पाठविण्याची आज्ञा मॅक्रोस कधींही देऊं नये. आऊटलुकच्या नव्या बांधणींत अशा मॅक्रोची सोय ठेविलेली नाहीं. ती वापरणारांनीं पहिल्या दोन पायऱ्यांवर समाधान मानावें.

दुसऱ्याचा मॅक्रो आपल्या यंत्रावर चालवूं नये, हेंही येथेंच सांगितलेलें बरें. १९९९ सालच्या मार्चमध्यें मेलिसा नांवाचा उपद्रवी मॅक्रो एका लेखांत दडून फिरला. लेख उघडतांच तो आऊटलुकच्या पत्तेवहींतील पहिल्या ५० पत्त्यांवर आपली प्रत धाडी. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनें इंटरनेटवरून आलेल्या लेखांतील असे मॅक्रो आपण होऊन अडविण्यास आरंभ केला, तो अशाच अनुभवांवरून. शिक्का दुसऱ्याच्या हातीं देऊं नये, हा नियम जुन्या दप्तरांतही होता.

४. मराठी लिहिणारास आणखी तीन अडचणी येतात, त्यांचा उलगडा इंग्रजी पुस्तकांत क्वचितच सांपडतो.

(अ) आऊटलुकच्या आज्ञा लिहिण्याच्या दालनांत आपल्या नेहमींच्या यंत्रावर देवनागरी अक्षरें टिकत नाहींत. तेथें ‘श्री’ लिहिलें असतां प्रश्नचिन्हें उमटतात. आमचा पहिला मॅक्रो चालला तेव्हां पत्राच्या शिरोभागीं प्रश्नचिन्हांची एक ओळ आली, आणि मायना कोठें गेला हें कळेना. ‘श्री’ हें अक्षर तेथें घालावयाचें तर २३५८, २३८१, २३५२, २३६८ असे चार अंक द्यावे लागतात: श, हलंत, र आणि दीर्घ ईकार. सबंध मायना अशा अंकांनीं लिहिणें व्यवहार्य नाहीं. सोपा उपाय असा कीं मराठी मजकूर आज्ञांच्या आंत न ठेवतां तयार नमुन्यांत किंवा क्विक पार्टमध्यें ठेवावा, त्यास रोमन अक्षरांत नांव द्यावें, आणि मॅक्रोनें केवळ त्या नांवानें तो बोलवावा.

(आ) अनेक संग्राहकांच्या सूच्या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या आहेत. त्यांत डोळ्यास देवनागरी दिसतें, परंतु आंत रोमन अक्षरांचे संकेत असतात. असा मजकूर ई-मेलमध्यें डकविला असतां घेणारास निरर्थक अक्षरें दिसतात. आधीं तो युनिकोडमध्यें बदलून, मूळ प्रतीशीं ताडून, मगच नमुन्यांत घालावा. विशेषतः ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ ह्यांतील आडवा रकार बदलतांना बिघडतो, तो हातानें तपासावा. मोडी लिपीस युनिकोडमध्यें २०१४ सालीं जागा मिळाली आहे. तथापि घेणाराच्या यंत्रावर मोडी फॉन्ट असेलच असें नसल्यानें मोडी उतारा चित्ररूपानें जोडणें इष्ट.

(इ) दुसऱ्या लेखांतून उचललेला मजकूर आपल्याबरोबर आपला आकार, रंग व फॉन्ट घेऊन येतो. बहुतेक साधनांत कंट्रोल, शिफ्ट व व्ही ह्या कळांनीं निव्वळ मजकूरच डकवितां येतो. आमच्या चाकणकडील स्नेह्यांची सवय अशीच आहे, आणि ती चांगली आहे.

५. आतां जो प्रकार घडला तो सांगतों. दोष सर्वस्वीं आमचा आहे.

चाकणनजीकच्या एका गांवीं एका जुन्या घराण्याकडे मोडी कागदांचा रुमाल आहे, असें आम्हांस कळलें होतें. घरच्या यजमानांशीं दोन वर्षें पत्रव्यवहार चालला. अखेर कागद पाहावयास देण्यास ते राजी झाले. पुढें कांहीं महिने आमच्याकडूनच ढिलाई झाली. त्या अवधींत यजमान निवर्तले. ही बातमी आम्हांस कळली, आणि आम्हीं पत्तेवहींत यजमानांच्या नांवाच्या जागीं त्यांच्या पत्नीचें नांव घातलें. तें नांव आमच्या एका जुन्या टिपणांत ‘सौ.’ ह्या उपपदासह होतें, आणि तसेंच्या तसें उचललें गेलें. पुढच्या आठवड्यांत स्मरणपत्रांचा मॅक्रो चालविला. त्यानें आपलें काम चोख बजावलें. पतिनिधनास एक महिना पुरा झाला नव्हता अशा बाईंस ‘सौ.’ ह्या उपपदानें पत्र गेलें, आणि त्याच्या पहिल्या ओळींत ‘घरीं सर्व कुशल असेल अशी आशा आहे’ असें होतें.

उत्तर एका ओळीचें आलें: कागदांचें पुढें पाहूं.

‘सौ.’ हें एक अक्षर. तें कोणास लावावें व कोणास लावूं नये हें आपल्याकडे लहान मुलासही समजतें. पूर्वीच्या रिवाजानें तेथें ‘गं. भा.’ लिहिलें असतें. हल्लीं पुष्कळ बायकांस तें रुचत नाहीं आणि ‘श्रीमती’ लिहिणें बरें दिसतें. कोणतें लिहावें हें बाईंच्या मनावर, वयावर, घरच्या रीतीवर अवलंबून असतें. म्हणजे हें अक्षर ठराविक मजकुराचा भाग दिसलें तरी ठराविक नाहीं. पत्र लिहिणाऱ्यानें घेणाराकडे त्या दिवशीं पाहिलें होतें किंवा नाहीं, ह्याची ती खूण आहे. जुन्या मायन्यांतही हेंच होतें. ‘राजमान्य राजश्री’ कोणास, ‘मशहुरल अनाम’ कोणास, ‘वेदशास्त्रसंपन्न’ कोणास, आणि नमस्कार लिहावा कीं आशीर्वाद, हें ठरविण्यांत चिटणिसाचें कौशल्य खर्ची पडे. म्हणूनच आपण संशोधक आज मायन्यावरून उभयतांचा दर्जा, नातें, प्रसंगीं रुसवाही ताडतों. तो मायना डोळे मिटून लिहिला जात असता तर त्यास पुरावा म्हणून कांहींच किंमत राहिली नसती.

६. ह्यावरून जुन्या दप्तराची एक रीत आठवली. लांब पत्रांस कागदाचे बंद एकाखालीं एक खळीनें डकवीत. डकविलेल्या सांध्यावर पाठीमागच्या बाजूस शिक्का उठवीत, अशासाठीं कीं मधला बंद काढून कोणी दुसरा घातला तर अर्धा शिक्का जुळूं नये. म्हणजे डकविणें त्यांसही ठाऊक होतें. परंतु जेथें डकविलें तेथें तें उघड दिसावें व त्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी, अशी त्यांची व्यवस्था होती. शिवाय मजकूर कारकुनाच्या हातचा असला तरी पुष्कळ पत्रांत अखेरचे ‘हे विनंति’ सारखे दोन शब्द धनी स्वतःच्या हातानें लिही. अक्षर बदललेलें पाहतांच आपण म्हणतों, येथें दस्तुर खुद्द आहे. सारें पत्र दुसऱ्यानें लिहिलें तरी तेवढ्या शब्दांनीं तें धन्याचें होई.

ई-मेलमध्यें सांधा दिसत नाहीं आणि हस्ताक्षरही नसतें. पुढें कोणा अभ्यासकानें आपला आजचा पत्रव्यवहार वाचावयास घेतला तर त्यांतील कोणता शब्द माणसानें लिहिला व कोणता यंत्रानें घातला, हें त्यास कसें कळावें? एक साधन त्यास उरेल, तें पोथ्यांच्या अभ्यासांतलें. अनेक पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक आढळली तर त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असें आपण मानतों. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत (आदिपर्व १९३३, समग्र १९६६) पाठांचीं कुळें लावण्यास असल्या समान पाठभेदांचा मोठा आधार झाला. मॅक्रोच्या मजकुरांतील चूकही अशीच प्रत्येक पत्रांत उतरते. आमच्या पोंचेच्या नमुन्यांत ‘हस्तलिखित’ हा शब्द बरेच दिवस ‘हस्तलीखित’ असा जात होता. त्या काळांतलीं आमचीं पत्रें ओळखण्यास ती खूण पुरे आहे. अभ्यासकास ती सोयीची, आम्हांस लाजिरवाणी.

मितीविषयींही हेंच. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळवून, चंद्र व वार ताडून मिति लावण्यांत आपले किती दिवस जातात! आजच्या लेखनसाधनांत तारीख घालण्याचे दोन प्रकार असतात: एक कायमची, दुसरी आपोआप बदलणारी. दुसऱ्या प्रकारची तारीख घातलेला जोडलेख पुन्हां उघडला कीं त्यावर त्या दिवसाची तारीख दिसते. कागदास मिति नसणें हें वाईट. रोज नवी मिति सांगणारा कागद त्याहून वाईट.

७. तेव्हां आम्हीं आपल्यापुरते ठरविलेले नियम येथें देतों.

(१) ठराविक मजकूर यंत्रानें घालावा. घेणाराचें उपपद, नातें, कुशलप्रश्न आणि पत्राचें कारण हातानें लिहावें. नमुन्यांत ह्या जागीं कोरी खूण ठेवावी, म्हणजे विसर पडल्यास ती डोळ्यांत भरेल.
(२) मॅक्रोनें पत्र तयार करावें. पाठविण्याचें काम पुन्हां वाचून माणसानें करावें.
(३) तारीख कायमची घालावी.
(४) प्रत्येक नमुन्याच्या शेवटीं लहान अक्षरांत ‘पोंच, पाठ ३’ अशासारखी खूण असावी, आणि नमुना बदलला कीं जुना पाठ तारखेसह वेगळा जपून ठेवावा. ही आपली सांध्यावरची शिक्क्याची खूण होय.
(५) दुखवट्याचें पत्र नमुन्यावरून लिहूं नये. त्यास नमुनाच करूं नये.
(६) पत्तेवहींतील नांवें वर्षांतून दोनदां तरी माणसानें वाचावीं.

इतकें केलें असतां मॅक्रो हा चांगला कारकून आहे. तो दमत नाहीं, सूचींतला क्रमांक लिहिण्यास चुकत नाहीं, आणि वीस पोथ्यांची पोंच लिहिण्यास आम्हांस पूर्वीं जी दुपार लागे ती आतां वाचते. त्या दुपारीं आम्ही कागद वाचतों. मात्र तो चिटणीस नाहीं. चिटणिशी आपणच केली पाहिजे.

चाकणकडील त्या बाईंस आम्हीं पुढें शाईनें, कागदावर पत्र लिहिलें. त्यांत चूक कशी झाली तें सांगितलें आणि कागदांचा उल्लेख केला नाहीं. पत्र पोंचल्याचें त्यांनीं कळविलें आहे. रुमाल अद्याप त्यांच्याच घरीं आहे, आणि तो त्यांनीं कोरड्या जागीं ठेविला आहे असें त्यांच्या पत्रावरून समजतें. इति लेखनसीमा.